पोटल्याचं आवतण

आमच्या गल्लीत पुंजाजीइतका भिडस्त माणूस दुसरा नाही. मी एसटीत कंडक्टरकी केली. तिकीट न काढता बसणाऱ्याला मी भर पावसात फाट्यावर उतरवलं आहे, त्यामुळे 'नाही' म्हणायला माझी जीभ कधी अडली नाही. पुंजाजीला तो शब्द जन्मात जमला नाही. त्याची शिडी कोणाकडे आहे, फवारणीचा पंप कोणाकडे आहे, हे सगळ्या गावाला माहीत. ज्यांनी नेलं ते परत आणून देत नाहीत आणि हा मागायला जात नाही. "त्यायले लागत असन," एवढंच म्हणतो. त्याच्या या स्वभावाचा मला लहानपणापासून राग आहे. लहानपणापासून मी त्याला सोडूनही गेलो नाही, ते वेगळं.

आम्ही दोघं एका वयाचे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नुकते शाळेत जायला लागलो होतो. माझे वडील पोलिसपाटलाच्या घरी कामाला होते, म्हणून आमच्या घरी निदान संध्याकाळची चूल पेटत होती. पुंजाजीची माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि घरी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकर व्हायची, तीही रोज नाही. त्याची धाकटी बहीण त्याच वर्षी गेली. पुंजाजी राहिला. पोट पुढे, पाय काड्या, डोळे मोठे, असा तो तेव्हा दिसायचा. पुढे बरे दिवस आले, जमीन भिजली, घरात धान्य आलं, पण हातापायांना मांस काही चढलं नाही. पोट मात्र पुढेच राहिलं, आणि पन्नाशीच्या आत त्याला साखरेचा आजार निघाला.

आमचं गाव वडनेर भोलजीहून आत. जमीन काळी, पण पाऊस दगा देतो तेव्हा चांगलाच देतो. पाचसहा वर्षांमागे तो असाच गेला. कडबा सोन्याच्या भावानं झाला आणि पुंजाजीची गाय ऐन त्या दिवसांत व्याली. गाईच्या आचळाला दूध नव्हतं. महिनाभरात गायच बसली ती उठली नाही. मागे राहिलं एक गोऱ्हं. अंबूबाईनं, म्हणजे पुंजाजीच्या बायकोनं, त्याला बाटलीनं वाढवलं. शेजारच्या म्हशीचं दूध मिळेल तेवढं, बाकी पाणी. दूध नसेल त्या दिवशी कण्यांची पेज. जगलं ते, पण कसं? पोटाचा डेरा, केस राठ, मागचे पाय एकमेकांना घासत चाललेले. त्याला पाहून पोरं हसायची. अंबूबाईनं हसून हसून त्याचं नावच पोटल्या ठेवलं.

मी एकदा म्हटलं, "पुंजा, हे जगून काय करणार बे? याच्यानं औत ओढलं जाणार आहे काय?"

तो गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "नारायणराव, मी बी असाच होतो. माह्या मायनं इचारलं असतं का, हे जगून काय करीन म्हून?"

मी घरी येऊन चहा पिला.

पोटल्या मोठा झाला, पण बैल म्हणून कमीच भरला. खांद्याला ठेंगणा, जोडीला कोणाच्या लागेना. त्यातच पुंजाजीचा पुतण्या गोकुळ यानं ट्रॅक्टर घेतला आणि काकाची शेतीही तोच करून देऊ लागला. पुंजाजीची मोठी बैलजोडी धाडच्या बाजारात विकली गेली. पोटल्याला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तो राहिला. काम काही नाही. सकाळी दावणीला, संध्याकाळी दावणीला, मध्ये सावली फिरली की खुंटा बदलायचा.

आणि मग सुरू झाले त्याचे लाड. दोनतीन वर्षं पाऊस बरा झाला. पुंजाजीनं सरकीची ढेप आणली, ज्वारीचा भरडा काढून आणला. अंबूबाई उरलेली भाकर गव्हाणीत टाकायची आणि उरली नसेल तर एक जास्तीची भाजायची. संध्याकाळी गुळाचा खडा तर ठरलेलाच. ज्याला घोटभर दूध देता आलं नाही, त्याला आता किती देऊ आणि किती नको, असं त्या दोघांचं झालं होतं. मी सांगून पाहिलं. पण उपाशी राहिलेल्या माणसाला खाणं कमी कर असं सांगणं सोपं आहे, दुसऱ्याला वाढू नको हे सांगणं महाकठीण.

पोटल्या फुगला. मानेवर वळ्या आल्या. मांड्या भरल्या, पाठ चौरंगासारखी झाली. लोक कौतुकानं पाहायला लागले आणि पुंजाजीही मिशीत हसायला लागला. मग एका हिवाळ्यात पोटल्या लंगडायला लागला. आधी पुढचा एक पाय, मग दुसरा. उभा असला की एकदा या पायावर भार, एकदा त्या पायावर. चार पावलं चालला की धापा टाकायचा. एखाद्या म्हाताऱ्या पाटलासारखा दिसायचा.

जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा अश्विनी नावाच्या डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. स्कूटीवरून येत आणि बूट काढून थेट शेणात पाय देत, म्हणून गावाला आवडल्या. त्यांनी पोटल्याची खुरं दाबून पाहिली, डोळे पाहिले, कुशीवर कान लावला आणि हसून म्हणाल्या, "काका, हा बैल लाडानं आजारी पडलाय."

पुंजाजी ओशाळला. बाईंनी मग हसणं थांबवलं आणि नीट समजावून सांगितलं. "जे वासरू लहानपणी उपाशी राहतं, त्याचं अंग काटकसर शिकतं. मिळेल ते साठवायचं, खर्च करायचं नाही. पुढे सुकाळ आला तरी ती सवय मोडत नाही. म्हणून दुसऱ्या बैलाला जेवढं पचेल, तेवढं याला पचत नाही, ते चरबी होऊन बसतं. त्यात याला औत नाही, गाडी नाही. चाललाच नाही तर खाल्लेलं जिरणार कुठे? खुरांच्या आत सूज आहे, ती त्यातूनच."

"मंग काय उपाशी ठेवू म्हनता याले?" पुंजाजीचा आवाज असा झाला, जणू बाईंनी सुरी मागितली.

"उपाशी नाही हो. कडबा द्या, हिरवा चारा द्या. ढेप बंद, भरडा बंद. पीठ, भाकर, गूळ तर अजिबात नको. तसलं एकदम पोटात गेलं, तर आत आंबतं आणि चांगला दणकट बैलसुद्धा एका दिवसात जातो. याचं तर विचारूच नका. आणि सूज उतरली की रोज चालवा. मऊ मातीतून, आधी थोडं, मग जास्त."

अंबूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "वं माय, भाकर बी नाही?"

"भाकरही नाही, मावशी."

खरी गंमत पुढे झाली. पुंजाजीला स्वतःच्या साखरेसाठी नांदुऱ्याच्या डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. गोड बंद, रोज चाला. तेव्हा यानं काय उत्तर द्यावं? "मी काय रिकामा हाय काय, फिराले?" आणि आता बैलासाठी हाच माणूस पहाटे उठून दावं हातात घेऊन निघायला लागला. गावाबाहेर नाल्याच्या पुलापर्यंत जायचं, शेतांमधल्या पांदणीच्या मातीतून परत यायचं. पोटल्या दर थोड्या वेळानं थांबायचा, पुंजाजीही थांबायचा. कोण कोणासाठी थांबला ते दोघांनाच ठाऊक.

पाराजवळची मंडळी कशाला सोडतात! "काय पुंजाजी, बैल फिराले नेऊन राह्यले का बैल तुमाले नेऊन राह्यला?" असं रोज कोणीतरी विचारायचं. पुंजाजी म्हणायचा, "दोघायले एकच बिमारी, एकच औषध." मीही कधीकधी सोबत जायचो. तो बैलाशी बोलायचा. "चाल रे बावा, थोडंसंक राह्यलं." पुलावर पोचलं की दोघं नाल्याकडे पाहत उभे राहायचे. पुंजाजीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान मी पाहिलं, ते त्याच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अंबूबाईची भाकर मात्र बंद व्हायला वेळ लागला. ती पदराखाली लपवून न्यायची आणि पुंजाजी ते पाहून न पाहिल्यासारखं करायचा. शेवटी मीच एकदा ओरडलो, तेव्हा ती रडली आणि थांबली. उन्हाळा येईतो पोटल्याच्या मानेच्या वळ्या गेल्या. लंगडणं थांबलं. पांदणीत एकदा तो चक्क शेपूट वर करून उधळला आणि पुंजाजी दाव्याला लोंबकळत मागे पळाला. मी इतका हसलो की मला बांधावर बसावं लागलं. पुंजाजीची साखरही उतरली. डॉक्टरनं गोळी अर्ध्यावर आणली. अश्विनीबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, औषध मी दिलंच नाही, तुम्ही दोघांनीच घेतलं."

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. पण पुढे पोळा होता.

आमच्या लहानपणी गावात घरोघरी बैलजोड्या होत्या. पोळ्याला ज्याच्या-त्याच्या दारी ज्याचे-त्याचे बैल, आणि पुरणपोळीचा नैवेद्य ज्याच्या-त्याच्या बैलाला. आता ट्रॅक्टर आले आणि बैल गेले, पण सण काही गेला नाही. बाया तसंच पुरण घालतात, तसंच ताट सजवतात, आणि मग बैल शोधत निघतात. आमच्या बाजूच्या तीन गल्ल्यांत मिळून एकच बैल उरला होता, तो म्हणजे पोटल्या. आदल्या वर्षीच्या पोळ्याला त्याला एवढं खाऊ घातलं होतं की चार दिवस त्यानं रवंथ केली नव्हती. तेव्हा तो वाचला होता. अश्विनीबाईंनी ते ऐकल्यावर कपाळाला हात लावला. पोळ्याच्या आधी त्या मुद्दाम येऊन गेल्या आणि म्हणाल्या, "काका, या वेळी कुंकवापुरता एक घास. अख्ख्या दिवसात एक. तो घरचा. बाकी कोणाचं काही नाही. ऐकताय ना?"

"हाव बाई," पुंजाजी म्हणाला.

तो खरंच घरोघरी गेला, सोबत मी. ज्या माणसानं स्वतःची शिडी कधी परत मागितली नाही, तो प्रत्येक दारात उभा राहून सांगत होता, "यंदा पोटल्याले निवद नका आनू. त्याच्या जिवाले धोका हाय." बायांनी ऐकून घेतलं. कोणाला वाईटही वाटलं. पण सणाला बैलाच्या तोंडी घास नाही गेला तर वर्ष कसं जायचं, असं प्रत्येकीच्या मनात. छायाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत तोंडाळ बाई. ती म्हणाली, "भाऊजी, पोळी नाही आनत. पन एक घास? एका घासानं काय होते?" आणि पुंजाजीच्या तोंडून निघालं, "बरं, एखांदा घास चालन." ते ऐकून मी तिथंच त्याचा दंड धरला, पण बोललेला शब्द गल्लीभर पोचला होता. पुंजाजीनं एक घास कबूल केला आहे, असं दर घरी झालं.

मी त्याला माझ्या मळ्यातली खोली दिली. म्हटलं, "पोटल्याला तिथं नेऊन बांध. मी कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालून फिरतो. मग पाहतो कोण घास भरवते ते." पुंजाजीला हे पटलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं की तो नेहमीच सुटतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं चोळायचं, आणि मग बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." वर्षभर राबणाऱ्या जनावराला दिलेलं हे रीतसर जेवणाचं आमंत्रण. पोटल्या कधी राबला नव्हता, पण खांदे त्याचेही शेकायचे. पुंजाजीनं त्या दिवशी हळद लावली, पान फिरवलं आणि उठला.

"आवतन?" अंबूबाई म्हणाली.

"यंदा नाही देत."

"काऊन?"

"आवतन देल्लं तं जेवाले वाढा लागते. त्याले उद्या मयात न्यायचं हाय."

अंबूबाई खालीच बसली. "असं कुठी झालं आजलोक? घरातल्या बैलाले आवतन न देता पोया? लेकरावानी वाढवला आपन त्याले. उपाशी मरत होता तवा बी आवतन देल्लं होतं, आठोते का?" ती रडायला लागली. पुंजाजी उभा राहिला, पाहत राहिला. मी म्हटलं, "अंबूवहिनी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते..." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुंजाजी पोटल्याच्या कानाशी वाकला. हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. त्यानं आवतण दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन गेलो, तर पोटल्या अंगणातच. धुतलेला, शिंगं लाल रंगवलेली, कपाळावर बाशिंग. पुंजाजी झूल सारखी करत होता.

"काय बे, चालायचं ना मळ्यात?"

"नाही नेत, नारायणराव."

"काऊन?"

"जेवाले बोलावलं त्याले. आता दारातून हाकलून देऊ काय?" त्यानं माझ्याकडे न पाहता झुलीचा कोपरा ओढला. "मी उभा राह्यतो ना इथंच. एक एक घासच तं हाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं ठीक आहे, मग मीच दारात उभा राहतो. आणि राहिलो. आयुष्यभर एसटीच्या दारात उभा राहिलेला माणूस मी. पहिल्या दोनतीन बायांना परत पाठवलं. एकीनं शिव्या दिल्या, एकीचे डोळे भरून आले. मग छायाबाई आली. तिच्या पोराला नुकतीच नोकरी लागली होती, तिनं नवस बोलला होता. अख्खी पोळी, वर तुपाची धार, चौघडी घालून. "घास म्हनला होता भाऊजीनं, हा एकच घास हाय," म्हणाली. मी आडवा आलो, तेव्हा मागून पुंजाजीच म्हणाला, "येऊ द्या नारायणराव, सनाचा दिवस हाय."

छायाबाई आत गेली. तिच्या मागून बाकीच्या आल्या. हळदीकुंकवाची ताटं, तांब्यातलं पाणी, पाय धुणं, ओवाळणं, आणि घास. कोणाचा घास खरंच घासाएवढा, कोणाचा पोळीएवढा. कोणी पुरणाचा गोळा दिला, कोणी भिजवलेली चणाडाळ, कोणी गव्हाची खीर. पोटल्याला बिचाऱ्याला काय कळतं? त्यानं उन्हाळाभर कडबा खाल्लेला. गुळाचा वास आला की तो मान पुढे करायचा, ताट चाटायचा. बाया हसायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य, किती मायेनं खाते." माझी बायको संजीवनीही आली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ बाजूनं आत गेली. परक्या बायांना मी अडवलं असतं एक वेळ. घरच्या बाईला कोणत्या कंडक्टरनं आजवर उतरवलं आहे?

पुंजाजी बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता. प्रत्येकीला म्हणायचा, "बस व बाई, बस, झालं." आणि ती निघून गेली की पुढची. मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन बोललो. तो म्हणाला, "दारात आलेल्या बाईले नाही कसं म्हनू, नारायणराव?" त्याला घाम फुटला होता. त्याला सगळं कळत होतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येईल.

उन्हं कलली तेव्हा पोटल्या गावाच्या तोरणाखाली जायला उठलाच नाही. रवंथ बंद. डावी कूस फुगलेली. दात करकरा वाजवत होता. मग पातळ शेण, आणि त्याला असा आंबट वास की अंबूबाईनं नाकाला पदर लावला आणि मग लाजून काढून टाकला. मी फोन लावला. अश्विनीबाई सणाच्या नवीन साडीतच आल्या. नळी घातली, पोटातलं जमेल तेवढं उपसलं, सोड्याचं पाणी पाजलं, शिरेतून बाटल्या लावल्या. दाराच्या तोरणासाठी ठोकलेल्या खिळ्यालाच बाटली टांगली होती.

"किती खाल्लं यानं?" त्यांनी विचारलं.

अंगणात तोवर गल्ली जमली होती. छायाबाई म्हणाली, "आमचा तं एकच घास होता, डॉक्टरीणबाई." दुसरी म्हणाली, "आमचा बी एकच." तिसरी तेच म्हणाली. कोणी खोटं बोलत नव्हतं. अश्विनीबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्या चिडतील असं मला वाटलं होतं, चिडायला हव्या होत्या. पण त्या बादलीत हात धूत राहिल्या, बराच वेळ.

सकाळी पोटल्यानं मान टाकली होती. डोळे आत गेले होते, नाक कोरडं पडलं होतं. पुंजाजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अंबूबाईनं लहानपणी दूध पाजायची ती बाटली कुठून तरी काढून आणली होती आणि त्यातून पाणी पाजायचा प्रयत्न करत होती. पाणी ओठावरून खाली ओघळत होतं. गल्लीतल्या बाया येऊन भिंतीला टेकून बसल्या. दुपारच्या आत तो गेला. शिंगांचा लाल रंग अजून ओला असावा असा चमकत होता.

गोकुळनं त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शेतात नेलं. पुंजाजी ट्रॉलीमागून चालत गेला, रोजच्याच वाटेनं, पुलापर्यंत आणि पुढे. ते त्याचं शेवटचं चालणं.

त्यानंतर तो पहाटे उठला नाही. मी आठवडाभर त्याच्या दारात जाऊन हाका मारल्या. "चल बे, पुलापर्यंत जाऊन येऊ." तो ओट्यावर बसून म्हणायचा, "कोनासंग?"

"मी काय मेलो? मी आहे ना!"

"तुमाले दावं बांधू काय?" असं म्हणून हसायचा, आणि मग गव्हाणीकडे पाहत राहायचा. एकदा फक्त म्हणाला, "आवतन मीच देल्लं होतं ना, नारायणराव." मी त्याला खूप समजावलं. सगळ्यांचा सारखाच दोष आहे म्हटलं, रीतीचा दोष आहे म्हटलं, छायाबाईचा तर सगळ्यांत जास्त म्हटलं. त्यानं मान हलवली. पण ऐकलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची साखर पुन्हा वर गेली. अर्धी गोळी पूर्ण झाली, मग दोन झाल्या. पायाला एक फोड आला, तो बरा होईना. नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले, गोड एक कणभरही नको, नाहीतर पायावर बेतेल. अंबूबाईनं ते माझ्यासमोर ऐकलं. या वेळी तिनं एक शब्दही काढला नाही.

आणि यंदा पुन्हा पोळा आला. तिन्ही गल्ल्यांत आता एकही बैल नाही. मला वाटलं, बाया दुसऱ्या आळीत जातील. पण नाही. छायाबाई सकाळीच ताट घेऊन पुंजाजीच्या दारात आली. डोळे खाली. म्हणाली, "भाऊजी, पोटल्याच्या नावानं गव्हाणीपाशी ठेवते. एकच घास हाय."

पुंजाजी ओट्यावर बसला होता, पायाला पट्टी. त्यानं ताटाकडे पाहिलं, रिकाम्या गव्हाणीकडे पाहिलं. "तिथं मुंग्या लागतीन," म्हणाला, आणि तो घास हातात घेऊन तोंडात टाकला.

"पुंजा! थुंक ते!" मी ओरडलो. अंबूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

पुंजाजीनं घास गिळला. मग शांतपणे म्हणाला, "दारात आलेल्या बाईले नाही कसं म्हनू?"

छायाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिच्यामागे दुसरी आली होती, तिच्यामागे तिसरी. मी ओट्याच्या पायरीवर आडवा उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी संजीवनी दिसली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. आणि माझ्या पाठीमागे पुंजाजीनं, बसल्या जागेवरूनच, दोन्ही हात पुढे केले होते.